चूक दाखवणारं माणूस : कौशल्य वाढत राहण्याच्या प्रश्नाचा आढावा

नवशिका माणूस पहिल्या एक-दोन वर्षांत भराभर सुधारतो. हात बसला, काम निभावण्याइतकं जमू लागलं की वेग मंदावतो आणि बहुतेकांची प्रगती तिथेच थांबते. पुढे वीस-तीस वर्षं काम चालू राहतं, अनुभव साठतो, हुद्दा वाढतो. कौशल्य मात्र वाढतंच असं नाही. मोजके लोक तरीही पन्नाशीत स्वतःच्या तिशीपेक्षा सरस असतात. त्यांना हे कशानं साधतं, यावर मानसशास्त्रज्ञ, शिक्षक आणि प्रशिक्षक सव्वाशे वर्षं वाद घालत आले आहेत.

या वादात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. सराव किती पुरतो? उपजत देणगीचा वाटा किती? आणि रीतसर शिक्षण संपल्यावर सुधारणा कोणाच्या जोरावर चालू राहते? पहिल्या दोन प्रश्नांवर उदंड लिहिलं गेलं. माझ्या मते आज अधिक निकडीचा आहे तो तिसरा, पण त्याच्यापर्यंत जाणारी वाट पहिल्या दोहोंतूनच जाते.

तारवाले, बुद्धिबळपटू आणि एक धावपटू

या विषयाच्या प्रायोगिक अभ्यासाची सुरुवात तार कचेरीत झाली. इंडियाना विद्यापीठातले विल्यम लो ब्रायन आणि स्वतः तारवाले राहिलेले नोबल हार्टर यांनी १८९७ आणि १८९९ साली तारेची ‘कडकट्ट’ भाषा शिकणाऱ्यांची प्रगती आठवड्यागणिक नोंदवून प्रसिद्ध केली. संदेश पाठवण्याचा वेग सावकाश पण सतत वाढत होता. संदेश ऐकून उतरवून घेण्याचा वेग मात्र काही काळ वाढला आणि मग कित्येक आठवडे सपाट राहिला. ही सपाटी मुख्य मार्गावरच्या कामाला लागणाऱ्या वेगाच्या किंचित खाली यायची. ती ओलांडली की वेग पुन्हा चढायचा. शिकणारा आधी एकेक अक्षर ऐकतो, मग सबंध शब्द, मग वाक्यखंड. एक पायरी अंगवळणी पडेपर्यंत पुढची दिसत नाही, असा त्यांनी अर्थ लावला. पुढच्या अभ्यासकांना ही सपाटी दर वेळी सापडली नाही, आणि १९५८ साली फ्रेड केलर यांनी तिला चक्क भास ठरवलं. तरीही कौशल्य पायऱ्यापायऱ्यांनी बांधलं जातं ही कल्पना टिकली.

बुद्धिबळाने ती पुढे नेली. डच मानसशास्त्रज्ञ आड्रियान द ग्रोट यांनी १९४६च्या प्रबंधात दाखवलं की अव्वल खेळाडू सामान्य खेळाडूपेक्षा फार पुढच्या खेळींचा विचार करतात असं नाही; त्यांना योग्य खेळी आधी दिसते. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली याचा एक सुंदर पुरावा दिला. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली तर तरबेज खेळाडू तिच्यातल्या बऱ्याच सोंगट्या जागच्या जागी पुन्हा लावतो. सोंगट्या कशाही विखुरल्या तर त्याची आघाडी जवळपास नाहीशी होते. म्हणजे त्याची स्मरणशक्ती सर्वसाधारण अर्थाने मोठी नव्हती, त्या पटापुरती घडवलेली होती. या पातळीला पोचायला दहाएक वर्षांची तयारी लागते, हे निरीक्षणही त्यांचंच.

चेस यांनी नंतर अँडर्स एरिक्सन यांच्यासोबत एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याला आकडे लक्षात ठेवायला बसवलं. सुरुवातीला त्याला सात आकडे आठवायचे. वीसएक महिन्यांत, २३०हून अधिक तासांनंतर, तो ७९ आकड्यांपर्यंत गेला. तो लांब पल्ल्याचा धावपटू होता आणि आकड्यांचे गट शर्यतींच्या वेळा म्हणून मनात बसवायचा. त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली की तो पुन्हा सहावर यायचा. १९८०च्या या प्रयोगाने एकाच वेळी दोन गोष्टी दाखवल्या : कौशल्य थक्क करण्याइतकं वाढतं, आणि ज्या गोष्टीत वाढवलं त्या गोष्टीतच वाढतं.

बर्लिनचे व्हायोलिनवादक

आजच्या वादाचं केंद्र म्हणजे एरिक्सन, क्राम्प आणि टेश-र्‍योमर यांचा १९९३चा लेख. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचे त्यांनी तीन गट केले : सर्वोत्तम, चांगले, आणि संगीतशिक्षक होऊ पाहणारे. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत एकट्याने केलेल्या सरावाची सरासरी पहिल्या गटात सुमारे ७,४००, दुसऱ्यात ५,३०० आणि तिसऱ्यात ३,४०० तास निघाली. विसाव्या वर्षापर्यंत पहिला गट दहा हजारांच्या आसपास होता.

लेखकांचा भर तासांच्या संख्येवर नव्हता. शिक्षकाने नेमून दिलेला, आजच्या कुवतीच्या जरा पलीकडचा, चूक ताबडतोब कळेल असा आणि ती सुधारून पुन्हा करायला लावणारा सराव, अशी त्यांची कल्पना होती. असा सराव दमवणारा असतो, तो दिवसाला चार तासांपलीकडे फारसा रेटता येत नाही, आणि तो करताना मजा येतेच असं नाही. मित्रांबरोबर वाजवणं किंवा कार्यक्रम करणं त्यांनी यात धरलं नाही.

२००८ साली माल्कम ग्लॅडवेल यांच्या ‘आउटलायर्स’ या पुस्तकाने याचा ‘दहा हजार तासांचा नियम’ करून टाकला आणि तो जगभर पसरला. दहा हजार ही सरासरी होती, सर्वोत्तम गटातल्या अनेकांचे तेवढे तास तोवर झालेच नव्हते, आणि निव्वळ तास मोजणं हा आपला मुद्दा नव्हता, असं एरिक्सन यांनी पुढे वारंवार सांगितलं. २०२० साली ते गेले. आपल्याकडच्या करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानांत आजही पुढे येतो तो आकडाच, आणि मला त्याचं वाईट वाटतं. एका बारकाईने बांधलेल्या विचारातला सर्वांत किरकोळ भाग लोकांपर्यंत पोचला.

उपजत गुणांची बाजू

दुसऱ्या बाजूची मांडणी जुनी आहे. १८६९ साली फ्रान्सिस गॉल्टन यांनी थोर व्यक्तींच्या घराण्यांचा अभ्यास करून म्हटलं की सरावाने प्रत्येक जण वाढतो, पण आपापल्या मर्यादेपर्यंत, आणि ती मर्यादा आनुवंशिक असते. आजचे संशोधक त्यांचा वंशविचार मानत नाहीत. मर्यादेचा प्रश्न मात्र ते गंभीरपणे घेतात.

ब्रुक मॅकनमारा, डेव्हिड हॅम्ब्रिक आणि फ्रेडरिक ऑसवाल्ड यांनी २०१४ साली ८८ अभ्यास एकत्र तपासले. लोकांच्या कामगिरीतल्या फरकापैकी सरावाशी जोडता आलेला भाग बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१, मैदानी खेळांत १८, शिक्षणात ४ आणि नोकरी-व्यवसायांत एका टक्क्याहूनही कमी निघाला. एरिक्सन यांनी हरकत घेतली की यातल्या अनेक अभ्यासांत मोजलेला सराव आपल्या व्याख्येत बसतच नाही. मॅकनमारा आणि मेघा मैत्रा यांनी २०१९ साली बर्लिनचा अभ्यास अमेरिकेत नव्याने केला. त्यात कमी तयारीचा गट सरावातही मागे होता, पण सर्वोत्तम आणि चांगल्या गटांचे तास जवळपास सारखेच भरले.

अर्जेंटिनातल्या बुद्धिबळपटूंवरचा गोबे आणि काम्पितेली यांचा २००७चा अभ्यास मला सर्वांत बोलका वाटतो. मास्टर पातळी गाठायला एकाला सुमारे ३ हजार तास लागले आणि दुसऱ्याला २३ हजारांहून अधिक. स्वीडनमधल्या हजारो जुळ्यांच्या अभ्यासात मिरियम मोसिंग आणि सहकाऱ्यांना २०१४ साली दिसलं की सराव किती करायचा ही प्रवृत्तीदेखील काही अंशी आनुवंशिक असते. एकसारख्या जुळ्यांपैकी ज्याने अधिक सराव केला त्याची सूर-ताल ओळखण्याची क्षमता अधिक निघाली नाही. पण इथे मोजली ती ऐकण्यातली पारख होती. वाजवणं मोजलं नव्हतं, हे विसरून चालत नाही.

सरावाच्या बाजूने हंगेरीच्या पोल्गार बहिणींचा दाखला नेहमी दिला जातो. मुलं घडवता येतात, हे सिद्ध करायचं ठरवून वडिलांनी तिघींना घरीच बुद्धिबळ शिकवलं, आणि धाकटी ज्युडिट १९९१ साली पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. मराठी वाचकाला मात्र त्याआधीचं मुंबईचं खाडिलकरांचं घर आठवेल. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींनी राष्ट्रीय महिला विजेतेपद घरात ठेवलं. वासंती १९७४ साली ते जिंकणारी पहिली होती आणि १९७६ साली रोहिणीने वयाच्या तेराव्या वर्षी ते मिळवलं. दोन्ही घरं सरावाची ताकद दाखवतात. मात्र जनुकंही घरातलीच असतात, त्यामुळे वाद अशा घरांवरून सुटत नाही. शिवाय पोल्गारांच्या घरी शिक्षण साधारण सारखं असूनही तिघी तीन वेगवेगळ्या उंचीला पोचल्या.

दोन्ही बाजूंतलं अंतर आता पूर्वीइतकं राहिलेलं नाही. सरावाशिवाय कोणी अव्वल होत नाही हे सर्वांना मान्य आहे, आणि तेवढ्याच सरावात सगळे सारखे पोचत नाहीत हेही बहुतेकांना मान्य आहे. वाद उरला आहे तो प्रमाणाचा.

ध्येयाने किती मदत होते?

व्यवस्थापनशास्त्रात एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांनी अनेक दशकांच्या प्रयोगांतून मांडलं की नेमकं आणि अवघड ध्येय समोर असेल तर ‘जमेल तेवढं करा’ या सूचनेपेक्षा काम सरस होतं. मानसशास्त्रातल्या भक्कम निष्कर्षांत याची गणना होते. पण कौशल्य अजून यायचं असेल तेव्हा गोष्ट बदलते. रूथ कॅन्फर आणि फिलिप अकरमन यांनी १९८९ साली अमेरिकी हवाई दलातल्या नवख्यांना विमानवाहतूक नियंत्रणाचं नकली काम दिलं. शिकण्याच्या सुरुवातीलाच गुणांचं लक्ष्य दिलेल्यांची कामगिरी घसरली, कारण लक्ष्यावर नजर ठेवण्यातच त्यांचं ध्यान खर्च झालं. अशा वेळी ‘इतके गुण मिळव’ यापेक्षा ‘इतक्या युक्त्या शोधून काढ’ असं शिकण्याचं ध्येय द्यावं, हे लॅथम यांनाही मान्य आहे.

२००९ साली लिसा ऑर्डोन्येझ आणि सहकाऱ्यांनी ध्येयांच्या अतिरेकाचे तोटे मांडले : नजर अरुंद होते, लबाडीचा मोह वाढतो, शिकणं मागे पडतं. लॉक आणि लॅथम यांनी त्याला कडक उत्तर दिलं. मला यातला व्यवहारातला बोध साधा वाटतो. बारावीच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या गुणांचं लक्ष्य आठवीपासून भिंतीवर चिकटवणाऱ्या घरांनी कॅन्फर-अकरमन यांचा प्रयोग जाणून घ्यायला हवा.

गाणाऱ्यांची रीत

हिंदुस्थानी संगीतात या प्रश्नाचं उत्तर प्रयोगशाळेच्या आधीच व्यवहारात उतरलेलं होतं. गुरूसमोर बसून तालीम घ्यायची आणि एकट्याने रियाज करायचा, ही कामाची विभागणी घराण्यांनी फार पूर्वी केली. एकट्याने घोटताना चूकही घोटली जाऊ शकते, म्हणून तालीम आधी. चाळीस दिवस जगापासून दूर राहून केलेल्या चिल्ल्याच्या कथा आपण ऐकतो, पण त्या मेहनतीला दिशा तालमीतच मिळालेली असते, हे कथांत राहून जातं.

जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादियाखाँ यांची हकीकत इथे महत्त्वाची आहे. आमलेट्याच्या दरबारी सतत गाऊन त्यांचा आवाज बसला आणि पूर्वीसारखा परतला नाही, असं घराण्यात सांगितलं जातं. उरलेल्या आवाजाला पेलेल अशी लयीत गुंफलेली, वळणावळणाची गायकी त्यांनी रचली, आणि पुढे कोल्हापूर-मुंबईत तीच घराण्याची ओळख ठरली. गाण्याचं ध्येय जागेवर राहिलं. त्याला लागणारं कौशल्य पार नव्याने उभारावं लागलं.

त्यांच्याच शिष्या, गोव्याच्या केसरबाई केरकर. १८९२चा जन्म. अनेक गुरूंकडे थोडं थोडं शिकून मुंबईत गात असलेल्या केसरबाई १९२१च्या सुमारास, म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावर, अल्लादियाखाँकडे नव्याने तालमीला बसल्या. मैफली करणाऱ्या गायिकेने पुन्हा शागीर्द व्हायचं, यात काय सोसावं लागत असेल याची कल्पना करता येते. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत धाडसी प्रसंग वाटतो.

क्रिकेटमध्येही हेच सूत्र दिसतं. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवून सचिन तेंडुलकरला दमलेल्या अंगाने खेळवायचे, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तिच्यापेक्षा मोलाची मला एक दुसरी गोष्ट वाटते. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात तेंडुलकरने सांगितलं की पुन्हा फलंदाजी मिळण्याची शक्यता जवळपास नसतानाही भाऊ अजित आदल्या रात्री त्याच्या बाद होण्याची चर्चा करत होता. चोवीस वर्षांच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीच्या शेवटच्या सामन्यातही चूक पाहणारं घरचं माणूस जागं होतं.

डॉक्टरांचा अनुभव

बहुतेक व्यवसायांत असं माणूस नसतं. याचा सर्वाधिक पुरावा वैद्यकात जमला आहे. नितीश चौधरी आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ६२ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा निम्म्याहून अधिक अभ्यासांत डॉक्टरकीची वर्षं वाढतात तसा सेवेचा दर्जा घटताना दिसला. कारण आळस नव्हे. ज्ञान बदलत जातं आणि जुनी सवय टिकून राहते. याला उलटा पुरावाही आहे : अमेरिकेतल्या जॉन बर्कमायर यांच्या २००३च्या अभ्यासात, एखादी मोठी शस्त्रक्रिया वारंवार करणाऱ्या शल्यविशारदांचे रुग्ण कमी दगावतात असं आढळलं. तिथे परिणाम लवकर आणि ठळक दिसतो. डॅनिएल कानमन आणि गॅरी क्लाइन हे अनुभवी माणसाच्या अंतःप्रेरणेबद्दल परस्परविरोधी मतांचे अभ्यासक. २००९ साली दोघांनी मिळून लिहिलं की परिसर नियमबद्ध असेल आणि आपल्या निर्णयाचं काय झालं ते कळत असेल, तरच अनुभवातून शहाणपण येतं. भूल देणाऱ्या डॉक्टरला ते मिनिटांत कळतं. क्ष-किरण वाचणाऱ्याला पुष्कळदा कळतच नाही.

मग उपाय काय? महाराष्ट्रात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट गुण जमवावे लागतात, आणि त्यांतले पुष्कळ परिषदा-व्याख्यानांतून जमतात. डेव्ह डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली तपासलेल्या नियंत्रित प्रयोगांत नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरांच्या वागण्यात फरक पडला नाही. स्वतः करून पाहण्याची संधी असलेल्या सत्रांनी पडला. हा निष्कर्ष पंचवीस वर्षांहून जुना आहे, आणि सभागृहं तरीही व्याख्यानांनीच भरतात, याची खंत वाटते.

वडिलांकडून महाराष्ट्रातल्या उटी गावचे असलेले बॉस्टनचे शल्यविशारद अतुल गावंडे यांनी २०११ साली वेगळा प्रयोग लिहून ठेवला. आठ वर्षांच्या कामानंतर आपली प्रगती थांबल्याचं त्यांना जाणवलं. त्यांनी आपले निवृत्त ज्येष्ठ रॉबर्ट ऑस्टीन यांना शस्त्रक्रिया पाहायला बोलावलं. गावंडेंना ती उत्तम झाली असं वाटत होतं. ऑस्टीन यांच्या वहीत मात्र नोंदी होत्या : कोपर वर उचललं जातंय, चादरी अशा लावल्या आहेत की मदतनिसाला हात घालायला जागा नाही, आणि दिव्याचा झोत बराच वेळ जखमेवरून सरकलेला होता. यातली एकही गोष्ट कोणत्याही परिषदेत कळली नसती.

शिक्षकांबाबत पुरावा याच दिशेने जातो. मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली एकत्र केलेल्या ६० अभ्यासांत, वर्गात येऊन पाहणाऱ्या मार्गदर्शकामुळे शिकवणं लक्षणीय सुधारलं आणि मुलांचे गुणही काहीसे वाढले. योजना मोठी झाली, शेकडो शिक्षकांपर्यंत गेली, की परिणाम ओसरला. चांगले मार्गदर्शक मोठ्या संख्येने आणायचे कुठून, याचं उत्तर कोणाकडे नाही.

आणि चूक दाखवणं नेहमी उपयोगी पडतं असंही नाही. क्लूगर आणि डेनिसी यांच्या १९९६च्या विश्लेषणात अभिप्रायाने सरासरी सुधारणा झाली खरी, पण एक-तृतीयांशाहून अधिक ठिकाणी कामगिरी उलट खालावली. अभिप्राय कामाकडून माणसाकडे वळला की तो नुकसान करतो, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. ऑस्टीन कोपराबद्दल बोलले, गावंडेंबद्दल नव्हे.

अजून न सुटलेलं

लवकर सुरुवात करून एकाच गोष्टीला वाहून घ्यावं, की आधी चार गोष्टी करून पाहाव्यात? आर्ने ग्युलिख, मॅकनमारा आणि हॅम्ब्रिक यांच्या २०२२च्या विश्लेषणात जागतिक दर्जाच्या प्रौढ खेळाडूंनी लहानपणी इतर खेळ अधिक खेळलेले, मुख्य खेळ उशिरा धरलेला आणि सुरुवातीची प्रगती हळू असलेली आढळली. कुमार गटात चमकणाऱ्यांचं नेमकं उलट होतं. संगीत आणि बुद्धिबळाला हे लागू पडतं का, याबद्दल मतभेद आहेत.

नोकरी-व्यवसायातल्या त्या ‘एका टक्क्याहून कमी’चा अर्थही लागलेला नाही. तिथे सराव निरुपयोगी असतो, की एरिक्सन म्हणत होते त्या अर्थाने कोणी सराव करतच नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. पत्रकार, वकील, व्यवस्थापक यांची कामगिरी मोजायची कशी, हीच पहिली अडचण आहे.

सर्वांत ताजा प्रश्न यंत्रांचा. पोलंडमधल्या चार केंद्रांतला एक अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करणारे अनुभवी डॉक्टर गाठ ओळखायला कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेऊ लागले. त्यानंतर यंत्राविना केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आलं. अभ्यास निरीक्षणात्मक आहे. रुग्ण बदलले असतील, कामाचा ताणही बदलला असेल. यंत्राने डॉक्टरला आधी स्वतः पाहू देऊन मग सुटलेली गाठ दाखवली असती तर प्रमाण घटलं असतं की वाढलं असतं, हे यावरून ठरत नाही.